घटक ४ : कोरीव बिल्ला आणि दर्यावर्दी माणसाची ओळख

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –

● युरोपातील गिल्ड या संस्थेचे स्वरूप व कार्य सांगता येईल.
● धातूच्या कोरीव बिल्ल्याचे इतिहासाचे साधन म्हणून वाचन कसे करावे, हे स्पष्ट करता येईल.
● बिल्ला मिळणारे नाविक आणि बिल्ला न मिळणारे खलाशी यांतील भेद सोदाहरण मांडता येईल.
● ओळख ही संरक्षण देते, तशीच ती माणसाला बांधूनही ठेवते, या विधानाची चर्चा करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण बखरी, पत्रव्यवहार, शिलालेख अशा लिखित साधनांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण एका लहानशा वस्तुरूप साधनाकडे वळणार आहोत. हे साधन तळहातावर मावते. त्यावर मजकूर असतो तो चार-दोन शब्दांचा. परंतु त्याच्या आधाराने समाजरचनेविषयी बरेच काही सांगता येते. हे साधन म्हणजे धातूचा कोरीव बिल्ला.

बिल्ल्याची कल्पना आपल्याला परकी नाही. मराठीतील ‘चपराशी’ हा शब्द पाहा. कमरेच्या किंवा खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्यावर लावलेली, अधिकाऱ्याचे वा कचेरीचे नाव कोरलेली पितळी पट्टी म्हणजे ‘चपरास’. ती धारण करणारा तो चपराशी. पुढे पट्टी गेली, पण नाव राहिले. येथे माणसाला त्याच्या कामावरून नाव पडलेले नाही. त्याच्या अंगावरील धातूच्या तुकड्यावरून ते पडले आहे. रेल्वे स्थानकावरील हमालाच्या दंडावरचा क्रमांक कोरलेला पितळी बिल्लाही तुम्ही पाहिला असेल. त्या क्रमांकावर विश्वास ठेवूनच आपण अनोळखी माणसाच्या हाती सामान देतो.

या उदाहरणांतून एक प्रश्न उभा राहतो. माणसाची ओळख पटवण्यासाठी धातूच्या तुकड्याची गरज केव्हा भासते? गावात जन्मलेल्या, गावातच राहणाऱ्या माणसाला ती भासत नाही. त्याला सगळे ओळखतात. जो सतत हलता असतो, आज या धक्क्यावर तर उद्या त्या धक्क्यावर असतो, त्याच्या बाबतीत मात्र ‘हा कोण, कोठला, याची हमी कोण देणार?’ हा प्रश्न पुनःपुन्हा येतो. म्हणून इ.स. १५०० ते १८०० या काळातील युरोपातील नाविक हा या अभ्यासासाठी योग्य विषय ठरतो. या घटकात आपण प्रामुख्याने नेदरलँड्समधील डच शहरे आणि लंडनची टेम्स नदी यांचा विचार करू. आणि शेवटी, जेथे खरा संबंध आहे तेवढ्यापुरते, कोकणच्या किनाऱ्याकडे येऊ.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ गिल्ड म्हणजे काय?

एकाच शहरात एकच व्यवसाय करणाऱ्या लोकांचा मान्यताप्राप्त संघ म्हणजे गिल्ड. प्राचीन भारतातील ‘श्रेणी’शी या संस्थेचे साधर्म्य आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची रक्कम कायम ठेव म्हणून ठेवल्याचा आणि तिच्या व्याजातून भिक्षूंची सोय करावी असा उल्लेख आहे. यावरून श्रेणी ही केवळ व्यावसायिकांची टोळी नसून लोक विश्वासाने पैसा ठेवतील अशी स्थिर संस्था होती, हे दिसते. युरोपातील गिल्डही अशाच स्वरूपाचे होते.

गिल्डची मुख्य कार्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. व्यवसायावर नियंत्रण ठेवणे : शहरात तो धंदा कोणी करावा, शिकाऊ उमेदवारी किती वर्षांची असावी, दर काय असावेत, हे नियमांनी ठरवलेले असे.
२. परस्पर साहाय्य : सदस्यांच्या वर्गणीतून साठवलेली रक्कम कुलूपबंद पेटीत ठेवली जाई. आजारी सदस्य, विधवा यांना त्यातून मदत मिळे.
३. सामाजिक व धार्मिक कर्तव्ये : संघाचे वार्षिक भोजन, मिरवणूक, आणि विशेषतः मृत सदस्याच्या अंत्ययात्रेस उपस्थिती.

ॲम्स्टरडॅम, मिडलबर्ग, डॉर्ड्रेख्त या डच शहरांत नौकाचालकांचेही गिल्ड होते. नेदरलँड्स हा कालव्यांचा आणि नद्यांचा देश. तेथे एका शहरातून दुसऱ्या शहरात माल व प्रवासी नेणारी ठरावीक नौकासेवा चाले. कोणत्या नौकाचालकाने केव्हा माल भरायचा, याची पाळी लावलेली असे. डच भाषेत या सेवेचे नावच ‘पाळी’ या अर्थाच्या शब्दापासून बनलेले आहे. पाळी मिळायची असेल, तर गिल्डचे सदस्यत्व हवे. ज्याच्याकडे सदस्यत्व नाही, त्याची नौका कितीही चांगली असली तरी धक्क्यावर त्याला मालाची वाट पाहत उभे राहावे लागे.

४.३.२ बिल्ल्याची रचना आणि वाचन

डच गिल्डचे बिल्ले बहुधा तांब्याचे किंवा पितळेचे असत. काही चांदीचेही आढळतात. त्यांचा आकार साधारणतः मोठ्या नाण्याएवढा. एका बाजूस गिल्डचे चिन्ह – नौकाचालकांच्या बाबतीत जहाज किंवा नौका, अन्य व्यवसायांत त्या त्या व्यवसायाची हत्यारे – आणि दुसऱ्या बाजूस सदस्याचे नाव, कधी वर्ष, कधी अनुक्रमांक.

या ठिकाणी घडणीच्या पद्धतीकडे लक्ष द्या. चिन्हाची बाजू पुष्कळदा साच्यात ओतलेली किंवा ठशाने उठवलेली असते. ती सर्व सदस्यांच्या बिल्ल्यांवर सारखीच. नावाची बाजू मात्र कोरणीने, हाताने, एकेका माणसासाठी स्वतंत्रपणे कोरलेली असते. म्हणजे एकाच धातूच्या तुकड्यावर दोन प्रकारच्या ओळखी पाठीला पाठ लावून बसलेल्या असतात : एक समूहाची, साच्यातून निघालेली; दुसरी व्यक्तीची, हाताने कोरलेली. समूहाच्या बाजूविना व्यक्तीच्या नावाला बाजारात किंमत नाही, आणि नावाविना समूहाची बाजू कोणाच्याच मालकीची नाही.

काही बिल्ल्यांवर आधीचे नाव घासून त्या जागी नवे नाव कोरलेले दिसते. जुना सदस्य गेला, त्याच्या जागी नवा आला, आणि धातू मात्र तोच राहिला. अशा बिल्ल्यावर तिरपा प्रकाश पाडून पाहिले असता पुसलेल्या अक्षरांच्या रेषा कधीकधी हाती लागतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या पुसट रेषाही नव्या नावाइतक्याच बोलक्या वाटतात.

बिल्ल्याचे वाचन कसे करायचे, हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. ते नाविकाचे नाही, चित्रकाराचे आहे. परंतु पद्धत तीच आहे. ॲम्स्टरडॅममधील रेम्ब्रांट गृह संग्रहालयात संत ल्यूक यांच्या नावाने चालणाऱ्या चित्रकारांच्या गिल्डचा १६३४ सालचा एक बिल्ला आहे. त्यावर रेम्ब्रांटचे नाव, त्यापुढे ‘हर्मान्स’ हे पित्यावरून आलेले नाव आणि ‘चित्रकार’ या डच शब्दाचे आद्याक्षर कोरलेले आहे. आज जगभर ‘रेम्ब्रांट’ या एका नावाने ओळखला जाणारा कलावंत येथे केवळ हर्मानचा मुलगा आणि गिल्डचा एक सदस्य आहे. त्याची कीर्ती त्या बिल्ल्यावर नाही; त्याची नोंद आहे.

पित्यावरून आलेल्या नावाचा मुद्दा नाविकांच्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. त्या काळी सामान्य डच माणसाला पुष्कळदा आडनाव नसे. ‘यानचा मुलगा यान’ अशी नावे एकाच बंदरात अनेकांची असत. अशा वेळी नावापुढचा क्रमांक हीच खरी खूण ठरे. आपल्याकडे एकाच गावात चार ‘पांडुरंग’ असले, की त्यांच्यापुढे घराण्याचे वा वाडीचे नाव जोडावे लागते, तसाच हा प्रकार.

४.३.३ बिल्ला आणि अंत्ययात्रा

बिल्ल्याचा सर्वांत हृद्य उपयोग बाजारात नव्हे, तर स्मशानाच्या वाटेवर होई. गिल्डचा सदस्य मरण पावला, की इतर सदस्यांनी त्याच्या अंत्ययात्रेस उपस्थित राहणे बंधनकारक असे. उपस्थितीचा पुरावा म्हणून सदस्याने आपला बिल्ला संघाच्या सेवकाकडे सुपूर्द करायचा. नंतर गोळा झालेले बिल्ले तपासले, की कोण आले आणि कोण आले नाही हे कळे. न येणाऱ्यास दंड भरावा लागे. या उपयोगामुळे अशा बिल्ल्यांना अंत्ययात्रेचे बिल्ले असेही म्हटले जाते.

वरवर पाहता ही हजेरी घेण्याची कोरडी रीत वाटते. माणुसकीची गोष्ट दंडाच्या धाकाने करवून घ्यावी लागते, असाही आक्षेप कोणी घेईल. परंतु दुसऱ्या बाजूने विचार करा. शहरात आलेला, कदाचित नातलग दूर असलेला नौकाचालक. त्याला जिवंतपणीच एक गोष्ट पक्की ठाऊक असे, की आपण मेलो तर आपल्या शवपेटीमागून माणसे चालतील. आपल्या बायकोला गिल्डच्या पेटीतून मदत मिळेल. त्याच्या खिशातील पितळेच्या तुकड्याचा हा अर्थ होता. ‘मी कोण आहे’ याहून ‘माझ्यामागे कोण उभे आहे’ हे तो बिल्ला सांगत असे. या घटकाचे हे मुख्य सूत्र आहे; ते ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. डच नौकाचालकांच्या बिल्ल्यावर गिल्डचे चिन्ह म्हणून बहुधा ........ असे.
२. रेम्ब्रांटच्या नावाचा बिल्ला ........ या वर्षाचा आहे.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. अंत्ययात्रेस आलेल्या सदस्याची उपस्थिती कशी नोंदली जाई?

४.३.४ टेम्स नदीवरील नावाडी : संरक्षण की सापळा?

आता आपण ॲम्स्टरडॅमहून लंडनला येऊ. सोळाव्या-सतराव्या शतकातील लंडनमध्ये टेम्स नदी हाच मोठा रस्ता होता. नदीवर पूल एकच. त्यामुळे पलीकडे जाण्यासाठी आणि शहरातल्या शहरात प्रवास करण्यासाठीही लोक होडीचा आधार घेत. १५१४ च्या कायद्याने नावाड्यांचे दर ठरवले, आणि १५५५ च्या कायद्याने नावाड्यांची देखरेख करणारी कंपनी अस्तित्वात आली. १७०० मध्ये पडावांतून मालाची ने-आण करणारेही या कंपनीत सामील झाले. नावाडी होण्यासाठी शिकाऊ उमेदवारी पूर्ण करावी लागे.

राजाच्या किंवा सरदाराच्या पदरी असलेला नावाडी धन्याच्या रंगाचा अंगरखा घाली, आणि त्यावर धन्याचे चिन्ह असलेला धातूचा बिल्ला लावी. बिल्ला हे मानाचे चिन्ह होते. १७१५ मध्ये टॉमस डॉगेट या नटाने, राजा पहिला जॉर्ज याच्या राज्यारोहणाच्या स्मरणार्थ, नुकतीच उमेदवारी संपवलेल्या नावाड्यांसाठी वल्हवण्याची शर्यत सुरू केली. विजेत्याला लाल अंगरखा आणि दंडावर लावण्याचा मोठा चांदीचा बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यावर हॅनोव्हर राजघराण्याचा घोडा आणि ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. लंडन पुलापासून चेल्सीपर्यंतची ही शर्यत आजही होते.

नावाड्याच्या दंडावर ‘स्वातंत्र्य’ हा शब्द यावा, यात एक विसंगती आहे. ती समजण्यासाठी आरमारातील सक्तीच्या भरतीची पद्धत पाहावी लागेल. युद्धाच्या काळात इंग्लंडच्या आरमाराला हजारो खलाशी लागत. स्वखुशीने येणारे पुरत नसत. तेव्हा अधिकाऱ्यांच्या टोळ्या बंदरांत फिरून पाण्यावर काम करणाऱ्या माणसांना बळजबरीने जहाजावर नेत. टेम्सवरचे नावाडी तर राजधानीच्या दारातच होते. त्यांची कंपनी होती; म्हणजेच त्यांची नोंद होती. ज्यांची नोंद असते, ते सापडायलाही सोपे असतात. नावाड्यांच्या कंपनीकडून आरमारासाठी माणसे मागवली जात, आणि १५५५ च्या कायद्यातच भरतीच्या वेळी दडी मारणाऱ्या नावाड्यास शिक्षेची तरतूद होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी येथे जॉन टेलर (१५७८–१६५३) याचे नाव लक्षात ठेवावे. हा टेम्सवरचा नावाडी आणि कवीही होता. स्वतःला तो ‘पाण्याचा कवी’ म्हणवून घेई. तरुणपणी त्याची आरमारात सक्तीने भरती झाली आणि १५९६ च्या कादिझवरील मोहिमेत तो होता. पुढे त्याने नावाड्यांच्या बाजूने लेखणी चालवली आणि १६३० मध्ये आपल्या लेखनाचा संग्रह प्रसिद्ध केला. ज्या वर्गाची बाजू बहुधा इतरांच्या कागदपत्रांतूनच ऐकू येते, त्या वर्गातील माणसाचा स्वतःचा आवाज येथे आपल्याला मिळतो.

बिल्ल्याची दुसरी बाजूही पाहा. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्या निघाल्या. आग विझवण्यासाठी त्यांना धडधाकट, चपळ माणसे हवी होती. त्यांनी ती टेम्सच्या नावाड्यांतून निवडली, त्यांना गणवेश दिला आणि दंडावर कंपनीच्या चिन्हाचा धातूचा बिल्ला दिला. ‘सन’ या १७१० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे चिन्ह होते चेहरा असलेला सूर्य. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या कायद्याने अशा विमा कंपन्यांच्या माणसांना, ठरावीक संख्येपर्यंत, आरमाराच्या सक्तीच्या भरतीतून सूट दिली. त्यामुळे तोच माणूस, तीच नदी, तेच वल्हे. पण दंडावर सूर्याचा बिल्ला असला तर तो घरी राहणार, आणि नसला तर कदाचित युद्धनौकेवर जाणार.

यावरून बिल्ल्याचे दुहेरी स्वरूप स्पष्ट होते. नोंद माणसाला हक्क देते, तशीच ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ताही सत्तेला दाखवते. म्हणूनच सगळ्याच खलाशांना नोंद हवीशी वाटत नसे. १६९६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने खलाशांची ऐच्छिक नोंदवही सुरू केली. नाव नोंदवणाऱ्यास वर्षाला २ पौंड देऊ केले आणि ३०,००० नावांची अपेक्षा धरली. योजना फसली, आणि १७१० मध्ये ती रद्द करावी लागली. पैसे मिळत असूनही नाव देण्यास माणसे कचरतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

४.३.५ बिल्ला नसलेले खलाशी

आतापर्यंत आपण ज्यांचा विचार केला, ते नदी-कालव्यांवरचे, शहराशी बांधलेले नाविक होते. महासागर ओलांडणाऱ्या खलाशाचे काय? त्याच्यासाठी गिल्ड नव्हते. गिल्ड ही शहराची संस्था. आणि हा माणूस कोणत्याच शहरात पुरेसा काळ राहत नसे. तो एका सफरीपुरता नोकरीला लागे, आणि सफर संपली की मोकळा होई.

डच ईस्ट इंडिया कंपनीचे उदाहरण घेऊ. १६०२ ते १७९५ या काळात या कंपनीच्या जहाजांतून सुमारे दहा लाख माणसे आशियाकडे निघाली. त्यांत जर्मन प्रदेशांतून, स्कँडिनेव्हियातून आलेले पुष्कळ होते. परत आलेल्यांची संख्या निघालेल्यांच्या निम्म्याहूनही बरीच कमी आहे. या कंपनीने आपली मुद्राक्षरे तोफांवर ओतवली, तांब्याच्या नाण्यांवर उमटवली. खलाशाला मात्र स्वतःच्या नावाचा धातू दिला नाही. त्याची ओळख कागदावर होती. प्रत्येक जहाजाची पगारवही असे, आणि तीत प्रत्येक माणसाचे स्वतंत्र खाते : नाव, मूळ गाव, हुद्दा, एका बाजूस नावे टाकलेली रक्कम, दुसऱ्या बाजूस जमा, आणि शेवटी नोकरी कशी संपली याची नोंद – परतला, मरण पावला, पळून गेला, बेपत्ता झाला. अठराव्या शतकातील या वह्या मोठ्या संख्येने टिकून आहेत.

बंदरात येऊन पैशाविना अडकलेल्या तरुणाला खाणावळवाला निवारा देई, कपडे देई, आणि बदल्यात त्याच्या पुढील पगारावर ऋणचिठ्ठी लिहून घेई. खलाशी जगला आणि पगार मिळवला, तरच त्या चिठ्ठीचे पैसे वसूल होत. म्हणून त्या चिठ्ठ्या कमी किमतीत पुढे विकल्या जात. चिठ्ठीला डच भाषेत ‘सेल’ म्हणत, आणि आत्म्याला ‘झील’. लोकांनी या ध्वनिसाम्याचा आधार घेऊन चिठ्ठ्या विकणाऱ्यांना ‘आत्मे विकणारे’ म्हणायला सुरुवात केली. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दाकडे अवश्य पाहावे. एका अक्षराच्या फरकात लोकांनी आपला पूर्ण अभिप्राय भरला आहे.

खलाशी समुद्रात मरण पावला, तर त्याचे शव शिडाच्या कापडात गुंडाळून पाण्यात सोडले जाई. त्याची पेटी उघडून कपडे-वस्तूंचा डोलकाठीपाशी लिलाव होई, आणि आलेली रक्कम पगारवहीत त्याच्या खात्यावर जमा होई. डच नौकाचालकाच्या अंत्ययात्रेत गोळा होणारे बिल्ले आणि या लिलावात गोळा होणारे पैसे यांची मनात तुलना करा. दोन्ही ठिकाणी मृत्यूचा हिशेब ठेवलेला आहे. पहिल्या हिशेबात कोण आले ते मोजले आहे, दुसऱ्यात किती आले ते.

तथापि बिल्ला नसलेल्यांना परस्पर साहाय्य अगदीच अज्ञात होते, असे समजू नये. इंग्लंडच्या आरमारात इ.स. १५९० च्या सुमारास ‘चॅटहॅम पेटी’ या नावाचा निधी सुरू झाला. खलाशांच्या पगारातून दरमहा सहा पेन्स कापून जखमी खलाशांना मदत दिली जाई. डच कंपनीच्या खलाशालाही आपल्या पगारातील काही हिस्सा घरी बायको-मुलांना मिळावा अशी चिठ्ठी करून ठेवता येई. आणि स्वतःची ओळख स्वतः विकत घेण्याचाही एक मार्ग होता. अठराव्या शतकात ॲम्स्टरडॅममध्ये नौकानयनाची शाळा चालवणाऱ्या पीटर होल्म याच्या नावाच्या पितळी तंबाखूच्या डब्या प्रसिद्ध आहेत. त्यांवर कायमची दिनदर्शिका आणि जहाजाचा वेग काढण्याचा तक्ता कोरलेला असे. गिल्डचा बिल्ला नसलेल्या माणसाच्या खिशातही ‘मी दर्यावर्दी आहे’ असे सांगणारा पितळेचा तुकडा असू शकत होता. मात्र त्यामागे कोणतीही संस्था उभी नव्हती.

४.३.६ अरबी समुद्रातील स्थिती

डच कंपनीचा आपल्या किनाऱ्याशी प्रत्यक्ष संबंध आला. १६१६ मध्ये तिने सुरतेस आणि १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास वखार घातली. त्यामुळे वर वर्णिलेल्या पगारवह्यांतील माणसे कोकणच्या बंदरांतही उतरली होती.

या समुद्रात ओळखीचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेण्याची सक्ती केली. त्यात जहाज, त्याचा नाखुदा, शस्त्रे, जाण्याचे ठिकाण यांची नोंद असे. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही आपल्या दस्तकाविना जहाजांना कोकणच्या समुद्रातून जाऊ देण्यास नकार दिला. कार्ताझ काय किंवा दस्तक काय, दोन्ही कागद जहाजाची ओळख पटवत. जहाजावरील साध्या खलाशाचे नाव त्यात येण्याचे कारण नव्हते.

युरोपीय जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशाला ‘लास्कर’ म्हणत. हा शब्द फारसी ‘लश्कर’वरून आला. त्याची भरती ‘सारंग’ करी, आणि सारंगाच्या हाताखाली ‘तांडेल’ असे. कप्तानाचा व्यवहार मुख्यतः सारंगाशी. म्हणजे लास्कराची हमी सारंगाचा शब्द हीच होती. येथे गिल्डही नाही आणि स्वतंत्र खातेही नाही; आहे ते एका माणसाचे दुसऱ्या माणसावरचे अवलंबित्व. सारंग चांगला असेल तर तो आधार, आणि वाईट असेल तर त्याच्याविरुद्ध दाद मागायला स्वतःच्या नावाची नोंदही नाही.

४.३.७ साधन म्हणून बिल्ल्याच्या मर्यादा

१७९८ च्या राज्यघटनेने नेदरलँड्समधील गिल्ड रद्द ठरवले. बिल्ल्यांचा व्यवहारातील उपयोग संपला आणि ते संग्राहकांकडे, पुढे संग्रहालयांत पोहोचले. आज काचेच्या कपाटात ते मांडलेले दिसतात, तेव्हा ‘हे त्या काळचे नाविक’ असे आपल्याला सहज वाटते. या ठिकाणी अभ्यासकाने सावध राहावे. धातू टिकतो, म्हणून ज्यांच्याकडे धातू होता तेच आपल्याला दिसतात. ज्यांच्यामागे शहर होते, संघ होता, पेटी होती, त्यांची नावे पितळेवर राहिली. सर्वांत दूर गेलेले, सर्वांत जास्त संख्येने मेलेले खलाशी त्या कपाटात नाहीत. त्यांना शोधायचे तर पगारवह्यांकडे जावे लागते. आणि लास्करांना शोधायचे तर पुष्कळदा सारंगाच्या नावामागे असलेल्या केवळ आकड्याकडे.

म्हणून वस्तुरूप साधनाचे वाचन करताना दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाविषयी सांगते? आणि ही वस्तू ज्याला मिळालीच नाही, तो कोण? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वस्तूवर कोरलेले नसते. ते इतर साधनांशी तुलना करूनच मिळवावे लागते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
१. महासागरावर जाणाऱ्या प्रत्येक डच खलाशाला गिल्डचा बिल्ला मिळे.
२. विमा कंपन्यांच्या आग विझवणाऱ्या नावाड्यांना सक्तीच्या भरतीतून सूट होती.
(आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
१. कार्ताझ हा कोणाची ओळख पटवणारा परवाना होता?

४.४ सारांश

गिल्ड हा एका शहरातील समव्यावसायिकांचा संघ होता. त्याचा धातूचा बिल्ला सदस्याला व्यवसायाचा हक्क, अडचणीत मदत आणि मृत्यूनंतर सन्मानाने निरोप यांची हमी देई. बिल्ल्याच्या एका बाजूस समूहाचे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूस व्यक्तीचे नाव असल्यामुळे त्या काळातील ओळखीची दुपेडी रचना त्यावर स्पष्ट दिसते. लंडनच्या नावाड्यांच्या उदाहरणावरून असे दिसते, की नोंद माणसाचे रक्षण करते, तशीच ती त्याला सत्तेच्या हाती देते. महासागरावर जाणारे खलाशी गिल्डच्या बाहेर राहिले. त्यांची ओळख पगारवहीत, ऋणचिठ्ठीत आणि लास्करांच्या बाबतीत सारंगाच्या शब्दात सामावली. बिल्ला हे मोलाचे साधन आहे. परंतु बिल्ला नसलेल्यांचा विचार केल्याशिवाय त्याचा अर्थ पूर्ण होत नाही.

४.५ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

कार्ताझ – पोर्तुगीजांनी जहाजांना दिलेला समुद्रसंचाराचा परवाना.
गिल्ड – एका शहरातील एकाच व्यवसायातील लोकांचा मान्यताप्राप्त संघ.
चपरास – पट्ट्यावर लावण्याचा, अधिकार दर्शविणारा धातूचा बिल्ला.
तांडेल – सारंगाच्या हाताखालील खलाशांचा नाईक.
दस्तक – परवाना, परवानगीपत्र.
नाखुदा – जहाजाचा प्रमुख.
पडाव – बंदरात किंवा नदीत माल वाहून नेणारी मोठी होडी.
वस्तुरूप साधन – लिखित ग्रंथाखेरीज, वस्तूच्या रूपात उपलब्ध असलेले इतिहासाचे साधन.
सारंग – खलाशांची भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा प्रमुख.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) १. जहाज किंवा नौका २. १६३४ (आ) १. सदस्याने आपला बिल्ला संघाच्या सेवकाकडे सुपूर्द केल्यावर त्याची उपस्थिती नोंदली जाई.

प्रश्न २ : (अ) १. चूक २. बरोबर (ठरावीक संख्येपर्यंत) (आ) १. कार्ताझ हा जहाजाची ओळख पटवणारा परवाना होता.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘बिल्ला हा माणूस कोण आहे यापेक्षा त्याच्यामागे कोण उभे आहे, हे सांगतो.’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. टेम्सवरील नावाड्यांच्या संदर्भात ओळखीचे दुहेरी स्वरूप स्पष्ट करा.

(आ) टिपा लिहा.
१. अंत्ययात्रेचे बिल्ले
२. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारवह्या
३. सारंग आणि लास्कर

(इ) उपक्रम
तुमच्या परिसरातील हमाल, फेरीवाले, मच्छीमार, होडीवाले यांपैकी एका व्यवसायातील व्यक्तींकडे ओळख पटवणारी कोणती वस्तू किंवा कागद असतो, ते पाहा. तो कोण देते, त्यावर काय लिहिलेले असते, तो हरवल्यास काय अडचण येते आणि तोच व्यवसाय करूनही तो कोणाला मिळत नाही, याची माहिती घेऊन सुमारे ३०० शब्दांत अहवाल लिहा.